हात धरून मैदानापर्यंत

अंबरपेठ, हैदराबाद
१६ जून २०२४

प्रिय जयवंता,

फोनवर तुझा नुसता श्वास ऐकू येतो आणि मग मीच वेड्यासारखी बोलत राहते. काल अभिजीत म्हणाला, "मावशी, तुमचा फोन झाला की आई दिवसभर बेचैन असते. तिला उत्तर द्यायचं असतं, शब्द निघत नाही. त्यापेक्षा पत्र लिहा. स्नेहा वाचून दाखवेल, आई निवांत ऐकेल." तुझा मुलगा शहाणा निघाला. तेव्हा आता पत्र. लकव्याने तुझी वाचा नेली, कान ठेवले, हे माझ्या पथ्यावरच पडलं. रेल्वेच्या खो-खो संघात होतो तेव्हा खांबाजवळून तू ओरडायचीस आणि मी पळायचे. नंतर ऑफिसातही तेच. आता जरा तू ऐक.

स्नेहा बाळा, तुला माझं अक्षर लागतंय ना? नाही लागलं तर ती ओळ सोडून दे, सासूबाई काही तपासायला येणार नाहीत.

तू देगलूरला गेलीस त्याला वर्ष होत आलं. इथे सगळं ठीक आहे. मुकुंदराव गेले तरी ताटं अजून दोघांची काढते, मग एक परत ठेवते. पेन्शन वेळेवर येते, गुडघे उत्तम आहेत, डॉक्टरांनी बीपीची गोळी अर्धी केली. सांगण्यासारखं एवढंच, की वरच्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब आलंय. दिलीप म्हणून आहेत, उप्पलच्या पुढे कंपनीत. बायको शोभा, तीही घरून कॉम्प्युटरवर काम करते. आणि एक मुलगी, ईशा, नववीतली.

परवा शोभा आली. म्हणाली, "काकू, तुम्ही मराठी आहात म्हणून विचारते. ईशाला मराठी बोलता येतं, पण वाचायला घेतलं की अक्षर अक्षर लावत बसते. संध्याकाळी तासभर घ्याल का तिला?" मी हो म्हटलं. आपल्या दोघींच्या हैदराबादी मराठीला पुण्याचे लोक हसतात आणि त्यांची मुलं मराठी शिकायला माझ्याकडे येणार. घे.

पोरगी आज आली. जास्तीचं काही बोलत नाही. अंगाने जड आहे, ते लपवायला एवढ्या उकाड्यात बापाचा ढगळ शर्ट घालते. लिफ्ट बंद होती, म्हणून एकच मजला जिना उतरून आली, तरी तिला धाप लागली होती. मला दिसू नये म्हणून दाराबाहेर थांबून श्वास घेत होती. मी जाळीच्या दारातून पाहिलं आणि कडी काढायला मुद्दाम उशीर केला.

तुझी,
त्रिवेणी


२१ जुलै २०२४

प्रिय जयवंता,

देवीच्या बोनालचा सण चालू आहे. सकाळपासून ढोल वाजतायत, त्यात पत्र लिहितेय. अक्षर थरथरलेलं दिसलं तर दोष ढोलांचा.

मराठीचं म्हणशील तर बरं चाललंय. अफझलगंजच्या लायब्ररीतून लहान मुलांची पुस्तकं आणली होती, ती तिने नाक मुरडून बाजूला केली. मग मी तिला वर्तमानपत्रातली खेळाची पानं दिली. तिने तीही बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आजी, स्पोर्ट्स सोडून काहीपण द्या."

का, ते हळूहळू कळलं. पुण्याच्या शाळेत शर्यतीत ही सगळ्यांत मागे राहिली. सगळ्या पोचल्या तरी ही पळतच होती, कारण मध्ये थांबायची लाज वाटत होती. कुणीतरी ते फोनमध्ये उतरवलं, खाली गाणं लावलं आणि शाळाभर पाठवलं. इथल्या शाळेत आली तर पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीच्या फोनवर तेच. आता ही शाळेच्या गाडीतून उतरते आणि सरळ वर येते. खाली पाय ठेवत नाही. बापाने सायकल घेतली, तिच्यावर शोभा चादरी वाळत घालते.

मी एक उद्योग केलाय. तुला आवडेल की नाही माहीत नाही.

परवा वाचन झाल्यावर तिला म्हटलं, "ईशा, माझा गुडघा धरलाय ग. डॉक्टर म्हणतात रोज चाला, पण एकटीने रस्ता ओलांडायची भीती वाटते. पडले तर उचलणारं कुणी नाही. तू मैदानापर्यंत हात धरून नेशील का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणता येईना तिला. चप्पल घालून निघाली. जयू, मी तिच्या दंडाला धरून असं लंगडले, असं लंगडले, की कोपऱ्यावरच्या पानवाल्याने स्टूल पुढे केलं. पोरगी एका हाताने माझा हात धरायची आणि दुसरा हात गाड्यांना दाखवायची, ट्रॅफिक पोलिसासारखी. मैदानाला एक फेरी मारून आलो. परत येताना जिना चढताना ती मलाच म्हणाली, "आजी, सावकाश. घाई नाहीये." धाप तिला लागली होती.

तेव्हापासून रोज जातो. आता तीन फेऱ्या होतात. शोभाला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं पोरगी बाराखडी गिरवतेय.

तू असतीस तर म्हणाली असतीस, सरळ सांगायचं होतंस. पण सरळ सांगणारे तिला खूप भेटलेत.

तुझी,
त्रिवेणी


१ सप्टेंबर २०२४

प्रिय जयवंता,

स्नेहाचं कार्ड मिळालं. पत्र वाचताना तू हसलीस म्हणे, अर्ध्या तोंडाने. मला तेवढं पुरे.

आमच्या म्युनिसिपालिटीच्या मैदानात वस्तीतल्या काही मुली येतात. एका बाजूला मुलांचं क्रिकेट असतं, त्यांचा चेंडू आला की यांनी बाजूला व्हायचं, असा कारभार. त्यांच्यात नौशीन म्हणून एक आहे, सातवी-आठवीतली, काडीसारखी, तोंड अखंड चालू. पोरी ओळीत बसून काहीतरी खो-खोसारखं खेळत होत्या. सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. मला राहवेना. बाकावरून म्हटलं, "अग, एक इकडे, एक तिकडे तोंड करून बसतात."

नौशीन धावत आली. "दादी, तुमकू आता क्या ये गेम? हम यूट्यूब पे देखे, समझ में नै आया."

मला म्हणे आता क्या. ऐकलंस ना जयू?

मग बाकावर बसूनच शिकवायला लागले. उठायचं नाही, कारण माझा गुडघा दुखतो ना. ओळीत कसं बसायचं, मागून पाठीवर हात पडून "खो" ऐकू आलं की कसं उठायचं, एकदा निघालं की मागे का वळायचं नाही. पोरी हुशार आहेत, पण बसलेल्यांत एक कमी पडत होती. नौशीनने ईशाकडे बोट दाखवलं. "दीदी, तुम आव ना."

ईशा माझी पिशवी पोटाशी धरून म्हणाली, "मला पळता येत नाही."

"तो बैठो," नौशीन म्हणाली. "बैठने को कौन बी आता."

ती गेली. बसली. दोन दिवस तिला कुणी खो दिलाच नाही, तिला वगळून खेळायच्या. तिसऱ्या दिवशी नौशीन चुकली, घाईत हिच्याच पाठीवर हात पडला. ईशा उठली. जड उठली, हात टेकून उठली. पण कुठे जायचं ते तिला बरोबर कळलं होतं. पळणारी मुलगी डावीकडे झुकली आणि उजवीकडे सुटणार, हे हिने बसल्या बसल्या पाहून ठेवलं होतं. दोनच पावलं गेली आणि पुढच्या मुलीला खो दिला. एवढ्या मोठ्याने दिला की क्रिकेटवाले बघायला लागले.

इतके दिवस त्या पोरीच्या घशातून मी कधी वर चढलेला आवाज ऐकला नव्हता.

परतताना ती माझा हात धरायला विसरली. गेटपाशी आठवलं, तशी पळत मागे आली. "सॉरी आजी, सॉरी. दुखतंय का खूप?" मी म्हटलं, आज जरा बरं आहे.

तुझी,
त्रिवेणी


१३ ऑक्टोबर २०२४

जयवंता,

काल दसरा झाला. आपट्याची पानं पाठवतेय, स्नेहा तुझ्या हातात देईल.

माझ्या हातून एक गोष्ट बिघडली.

फुलांच्या बतुकम्मा सणाच्या आदल्या दिवशी मैदानात मांडव घालत होते, म्हणून पोरी एका कोपऱ्यात खेळत होत्या. बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळत सुटायचं, ते त्यांना काही केल्या जमेना. एकजण धडकायची, दुसरी अडखळायची. शेवटी नौशीन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादी, ऐसा कोई भाग इच नै सकता. तुम्हारे जमाने की बाताँ."

जयू, मला काय झालं सांगता येत नाही. वारा होता. फुलांच्या गाड्या येत होत्या, झेंडूचा वास सुटला होता. मी पदर खोचला, चपला काढल्या आणि पळाले. पहिल्या मुलीच्या पुढून, दुसरीच्या मागून, खांबाला वळसा, आणि परत. पाऊल जिथे पडायला हवं तिथेच पडत होतं. मला माझं वय आठवलं नाही, मुकुंदराव आठवले नाहीत, काहीच आठवलं नाही. पोरी ओरडत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. मांडववाला बांबू धरून तसाच उभा.

थांबले तेव्हा ईशा दिसली. एका हातात माझी पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात माझ्या चपला. तिनेच उचलून ठेवल्या होत्या. ती टाळ्या वाजवत नव्हती.

"तुम्हाला चालता येतं," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला गेले.

"मम्मीने सांगितलं होतं ना? मला बारीक करायचं म्हणून. तुम्ही दोघींनी मिळून ठरवलं."

"नाही ग बाळा, तिला माहीतसुद्धा नाही."

"मी तुमचा हात किती घट्ट धरायचे, माहितीये? तुम्ही पडाल म्हणून. रस्ता क्रॉस करताना मला लिटरली भीती वाटायची. रात्री झोपताना वाटायचं, उद्या माझ्याकडून हात सुटला तर." तिने चपला माझ्या पायाशी ठेवल्या. फेकल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "सगळ्यांनाच मी गंमत वाटते."

ती एकटी गेली. रस्ता एकटीने ओलांडला. मी मागून बघत होते.

त्यानंतर वाचायला आली नाही. शोभाने निरोप दिला, परीक्षा जवळ आल्यात. मी एकदा वर जाऊन बेल वाजवली. दाराच्या आत पावलं आली, थांबली आणि परत गेली.

बाकी ठीक.

त्रिवेणी


१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय जयवंता,

थोडी सर्दी आहे, म्हणून छोटंच लिहिते. मैदानावर सध्या जात नाही. थंडी पडायला लागली आहे. तू मोजे घालत जा आणि ती हाताची कसरत सोडू नकोस. चेंडू दाबायला कंटाळा येतो हे मला माहीत आहे, तरी दाब.

स्नेहा, इथून पुढचं मनातल्या मनात वाच. मला सर्दी नाही. दिवाळीनंतर जिन्यावरून पडले, घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर आहे. लिफ्ट बंद होती आणि हातात दुधाची पिशवी. मधल्या वळणावर पडून होते. दुपारची वेळ, सगळी बिल्डिंग कामाला गेलेली, शोभा वर कानाला हेडफोन लावून कामात. थोड्या वेळाने शाळेची गाडी आली, ईशा लिफ्टचं बटण दाबत होती ते खालून ऐकू आलं. मग ती दुसऱ्या बाजूच्या जिन्याने वर गेली. मी हाक मारली असती तर आली असती. पण मला वाटलं, तिला खरं कसं वाटणार? म्हणून गप्प राहिले. वॉचमन यादगिरी मोटार चालू करायला आला, त्याने उचललं. सासूबाईंना कळवू नकोस, ती रात्रभर जागेल.

मी मजेत आहे, जयवंता. यादगिरीची बायको दोन वेळा डबा देते. आंबट असतो, पण गरम असतो.

तुझी,
त्रिवेणी


८ डिसेंबर २०२४

प्रिय जयवंता,

तर तुला सगळं कळलं. स्नेहा लिहिते, "मावशी, माझा आवाज थांबला पण डोळे कागदावर पुढे जात राहिले. आईंनी पाहिलं. चांगल्या हाताने कागदावर थापट मारली, म्हणजे वाच. मला वाचावंच लागलं." आणि मग तू रडलीस. आता रडू नकोस. प्लास्टर नाताळच्या आत निघेल. काठी मिळाली आहे. हाड वयाच्या मानाने चांगलं आहे, असं डॉक्टर म्हणाले.

लपवायचं काही उरलं नाही, तर उरलेलंही सांगते.

मी पडल्याचं शोभाला यादगिरीकडून कळलं. ती भाजी-पोळी घेऊन येऊ लागली. बिचारी दारातच उभी राहून विचारायची, "काकू, ईशाचं आणि तुमचं काही झालं का? ती तुमचं नाव काढलं की उठून जाते." मी म्हटलं, मराठीचा कंटाळा आला असेल.

गेल्या रविवारी दार वाजलं. ईशा. आत आली नाही, उंबऱ्यावर उभी राहून माझ्या पायाकडे बघत होती.

"खरंच मोडलाय?"

"ठोकून बघ."

ती खरंच खाली बसली आणि प्लास्टरवर बोटाने टकटक केली. मग तिथेच फरशीवर बसून राहिली.  पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी होत होती.

"यादगिरी अंकल म्हणाले, तुम्ही जिन्यात होतात तेव्हा मी घरी आले होते. मला हाक का नाही मारली?"

"तुला वाटलं असतं, म्हातारी पुन्हा नाटक करतेय."

 मग मी तिला सांगितलं, जयू, जे मी तुलाही सांगितलं नव्हतं. म्हटलं, "ऐक ईशा. पहिला दिवस नाटक होतं. तू घराबाहेर पडावंस म्हणून केलं. तुझ्या आईला ठाऊक नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तू हात धरलास ना, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मुकुंदराव गेल्यापासून माझा हात कुणी धरलेला नाही. नर्सने सुईसाठी धरला असेल तेवढाच. मग मला ते सोडवेना. गुडघ्याचं खोटं मी तुझ्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त चालवलं. दिवसभर वाट बघायचे, संध्याकाळी ही येईल आणि हात धरेल म्हणून."

पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली.

"कसं सांगतात ते?"

तिने विचार केला. खरंच विचार केला. मग म्हणाली, "माहीत नाही. मलापण सांगता येत नाही."

नंतर तिने टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं, मागचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. अडखळत, बोट ठेवून. कुठल्याशा जिल्ह्यातल्या कबड्डीच्या सामन्यांची बातमी होती. शेवटपर्यंत वाचली. मी एकही चूक सुधारली नाही.

तुझी,
त्रिवेणी


२ फेब्रुवारी २०२५

प्रिय जयवंता,

तुला खो-खोच्या सामन्याची हकीकत लिहायला बसलेय, तेव्हा स्नेहाला म्हणावं, पंखा बंद कर आणि नीट ऐकू येईल असं वाच.

आधी हे ऐक, की सामना झाला कसा. माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा ईशा एकटी मैदानावर जायला लागली होती. परत आली की माझ्याकडे येऊन सांगायची, आज नौशीन कशी निसटली, कोण पडलं. मग एक दिवस म्हणाली, "आजी, आमच्या शाळेत पी.टी.च्या तासाला मॅथ्स घेतात. मी सरांना विचारलं, खो-खोची टीम का नाही? ते म्हणाले, मुली कुठे येतात खेळायला."

"मग?"

"मग मी म्हटलं, मी आणते."

ही ती मुलगी, जयू, जी धाप लपवायला दाराबाहेर उभी राहायची.

ती वर्गात एकेकीकडे गेली. बऱ्याच जणी हसल्या. कुणाला ऊन नको, कुणाला गुडघे काळे पडायची भीती, कुणाची ट्यूशन. हिने नौशीनची युक्ती वापरली. प्रत्येकीला सांगितलं, पळू नकोस, नुसती येऊन बस. बसायला काय जातं? अशा बसवत बसवत संघाएवढ्या जमवल्या. त्यात ती व्हिडिओवालीसुद्धा. मी विचारलं, "तिला का घेतलंस?" ईशा म्हणाली, "आजी, ती फास्ट आहे. आणि एक कमी पडत होती." मग जरा थांबून म्हणाली, "तिला खो देताना मी जरा जोरात देते."

सामना काल झाला, जवळपासच्या शाळांचा, एका शाळेच्या मैदानावर. मला दिलीपने गाडीतून नेलं. शोभाने कामावर सुट्टी टाकली होती. टोपी, क्रीम, ग्लुकोज, सगळं घेऊन माझ्या शेजारी बसली. सारखी म्हणत होती, "काकू, तिला हसले तर? मला बघवणार नाही." मी म्हटलं, डोळे मीट, मी सांगत जाईन.

त्या हरल्या. चांगल्याच हरल्या. समोरच्या पोरी वर्षानुवर्षं खेळणाऱ्या, आमच्या परवा बसायला शिकलेल्या. पळायची पाळी आली तेव्हा ईशा लगेच बाद झाली आणि प्रेक्षकांतून कुणीतरी हसलं. मी ऐकलं, शोभानेही ऐकलं, तिने माझं मनगट आवळलं. ईशानेही ऐकलं असणार. ती बाजूला गेली, गुडघ्यावर हात टेकून श्वास घेतला, सगळ्यांसमोर, उघड्यावर. आणि मग रेषेबाहेर उभं राहून, हिंदी विसरून मराठीतच ओरडायला लागली, "डावीकडे, डावीकडे, मागे आली, सोड." सामना संपेपर्यंत ओरडत होती. माझ्या डोळ्यांसमोर तू होतीस. वीस वर्षांची, दोन वेण्या वर बांधलेल्या.

संपल्यावर ती आमच्याकडे आली, तोंड लालबुंद, अंगाला माती. शोभाला म्हणाली, "हरलो." आणि पाण्याची अख्खी बाटली प्यायली. ढगळ शर्ट कुठे गेला विचारू नकोस. संघाचा टी-शर्ट होता अंगात, घट्टच बसला होता, आणि तिला त्याची आठवणही नव्हती.

शोभा परत येताना गाडीत एकदम म्हणाली, "काकू, मराठीसाठी पाठवली होती मी तिला."

"येतं की तिला मराठी," मी म्हटलं. "डावीकडे, उजवीकडे सगळं येतं."

दिलीप हसला. शोभा खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले.

तुझी,
त्रिवेणी


११ मे २०२५

प्रिय जयवंता,

ते लोक गेले. दिलीपच्या कंपनीने पुण्याला परत बोलावलं. एप्रिलमध्ये परीक्षा संपली आणि आठवड्यात ट्रक आला. ईशा जाताना खूप बोलत होती, एकीकडून दुसरीकडे उड्या मारत होती. पुण्याला घराजवळ एक क्लब आहे, तिथे खो-खो खेळतात, बाबांनी फोन करून ठेवलाय, असं काय काय.  मग म्हणाली, "आजी, तुम्ही संध्याकाळी काय करणार?"

मी म्हटलं, "झोप काढीन. तुझ्यामुळे वर्षभर झोप नाही."

तिने मला मिठी मारली. बळ आलंय पोरीच्या हातांत. मी हसत होते. ट्रक गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत हसत होते.

सुरुवातीला तिचे रोज मेसेज यायचे. आता आठवड्यातून येतो. तसंच व्हायला हवं. तिला वेळ मिळत नाही याचा मला आनंद आहे, हे मी रोज स्वतःला सांगते, आणि ते खरंही आहे. तरी संध्याकाळ झाली की कान वरच्या मजल्याकडे जातात. तिथे आता नवं जोडपं आलंय. सकाळी दार ओढतात, रात्री उघडतात. नावं काय आहेत मला ठाऊक नाही.

स्नेहाने विचारलंय, मावशी काही दिवस देगलूरला येऊन राहा. येईन ग. पावसाळ्यानंतर येईन. तोवर तू काठीने अंगणापर्यंत चालून दाखव, मग दोघी काठ्या घेऊन जाऊ.

काल मी मैदानावर गेले. सकाळीच गेले, ऊन तापायच्या आत. कुणी नव्हतं. सुट्टीत पोरी आपापल्या गावी गेल्यात, क्रिकेटवालेही नव्हते. उन्हाने सगळी माती फाटलीय. मागच्या पावसापासून आखलेली मैदानाची रेघ पुसून गेली होती, खांब कुणीतरी उपटून भिंतीला लावून ठेवले होते. मी बाकावर बसले. खरं सांगू? मला वाटलं, झालं. एक वर्ष होतं, संपलं. ज्या आल्या त्या गेल्या, आणि मी काही दरवर्षी नव्याने कुणाच्या मागे लागू शकत नाही. माझ्यात तेवढं उरलेलं नाही.

तेवढ्यात नौशीनची आई आली. रुबीना नाव तिचं, घरी शिवणकाम करते. तिला मी लांबून पाहिलेलं, कधी बोललो नव्हतो. तिशी उलटली असेल नसेल. दुधाला निघाली होती, मला पाहून आत आली.

"नौशीन बिदर गई, नानी के पास," ती म्हणाली. "बोल के गई, दादी दिखे तो बोलना, जून में आती मैं."

"हौ, अच्छा," मी म्हटलं.

ती गेली नाही. रिकाम्या मैदानाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "घर में पलंग पे, जमीन पे, सब जगह वो इच खेल. मेरेकू बैठाती, पीछे से आ के मारती." हसली. "मैं स्कूल में बहोत भागती थी दादी. आठवीं के बाद शादी हो गई."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. पायातल्या रबरी चपलेने माती उकरत होती.

"एक बार बैठ के देखूँ क्या?" तिने विचारलं. "कोई नै है अब्बी."

मी काठी घेऊन उठले. ओळ कुठे होती ते मला रेघ नसतानाही माहीत होतं. तिला नेऊन बसवलं, एक पाय पुढे, बोटं जमिनीला टेकून. तिने दुधाची बरणी बाजूला ठेवली, ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या. मी तिच्या मागे उभी राहिले. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "खो."

ती उठली. जयू, कशी उठली. कुणी पळणारं नव्हतं, कुणाला पकडायचं नव्हतं, तरी ती सुटली. मला वाटलं होतं चार पावलं जाईल आणि लाजून परत येईल. ती खांबाची जागा ओलांडून गेली, क्रिकेटची पट्टी ओलांडून गेली, पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, आणि तिथून वळून भिंतीच्या कडेने पळतच राहिली.

मी तिला थांबवलं नाही. दुधाची बरणी उचलून सावलीत ठेवली आणि ती येईपर्यंत उभी राहिले.

तुझी,
त्रिवेणी